आधी आधार, मग आठवण

९ ऑक्टोबर २०१८ ची सकाळ. भिलाई स्टील प्लांटच्या कोक ओव्हन भागात गॅसच्या पाइपलाइनवर ठरलेलं दुरुस्तीचं काम सुरू होतं. अचानक स्फोट झाला आणि आग भडकली. नऊ जण त्याच दिवशी गेले. भाजलेल्यांपैकी आणखी काही जणांनी पुढच्या दिवसांत प्राण सोडले. मृतांमध्ये अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. त्याच्या चार वर्षं आधी, १२ जून २०१४ ला, याच कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये विषारी वायू शिरला होता. तेव्हा सहा जण दगावले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते.

बातम्या साधारण इथेच संपतात. चौकशी समिती, नुकसानभरपाई, बदल्या, मग दुसरी बातमी. पण भिलाईत घरटी एक तरी माणूस कधी ना कधी प्लांटच्या ड्युटीवर गेलेला असतो, त्यामुळे अशा घटनेनंतरचं खरं आयुष्य सेक्टरांतल्या क्वार्टर्समध्ये सुरू होतं. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलातून सुट्टी मिळून माणूस घरी येतो. कातडी भरून येत असते. पण कुकरची शिट्टी झाली की तो दचकतो. बायकोने गॅस पेटवला की स्वयंपाकघरातून उठून बाहेर जातो. रात्री दोन वाजता पलंगावर बसलेला दिसतो. विचारलं तर म्हणतो, ‘काही नाही, झोप येत नाही.’

भेटायला येणाऱ्यांचे मग दोन प्रकार असतात. एक म्हणतो, ‘नेमकं काय झालं हो? पहिल्यापासून सांगा ना!’ दुसरा म्हणतो, ‘झालं गेलं विसरून जा, देवाने वाचवलं ना!’ दोघंही प्रेमानेच बोलतात. पण मानसिक आघातावर काम करणारा चांगला थेरपिस्ट या दोन्ही गोष्टी करत नाही. तो सांगायला भाग पाडत नाही आणि विसरायलाही सांगत नाही. त्याच्या कामाला एक क्रम असतो, आणि तो क्रम घरच्यांना कळला तर अर्धं काम सोपं होतं.

बोलतं करण्याची घाई

‘मन मोकळं केलं की हलकं वाटतं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रोजच्या दुःखाला ते लागूही पडतं. याच समजुतीवर १९८० च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत निघाली. जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी ती आखली होती. भयंकर प्रसंगानंतर काही दिवसांतच सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं, ते एकाच बैठकीत बोलून घ्यायचं. पुढे ती जगभर पसरली आणि अपघातात सापडलेल्या कुणालाही लागू केली जाऊ लागली.

मग ती तपासली गेली. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी भाजलेल्या १३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना अशी एक बैठक दिली होती, काहींना नाही. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बैठक दिलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातानंतरचा तीव्र मानसिक त्रास, म्हणजे पीटीएसडी, होता. बैठक न दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं. बैठक दिलेल्या गटाचा त्रास सुरुवातीपासूनच थोडा अधिक होता हे खरं, त्यामुळे सगळा दोष बैठकीला देता येत नाही. पण फायदा झाला असं तर मुळीच दिसलं नाही. नंतरच्या अभ्यासांचा सूरही हाच निघाला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना अशी सरसकट बैठक घेऊ नका असंच सांगते.

असं का होत असावं? ज्याचं शरीर अजून त्या आगीतच आहे, ज्याची छाती धडधडते, झोप लागत नाही, त्याला पुन्हा त्या आगीत नेलं तर तो तिथून परत येण्याचा रस्ता कुठून आणणार? जखम ओली असताना पट्टी ओढून काढण्यासारखंच ते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायला हवी. पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, वाईट स्वप्नं पडणं, रडू येणं किंवा मुळीच रडू न येणं हा आजार नव्हे. विलक्षण प्रसंगाला साध्या माणसाच्या मनाने दिलेलं ते उत्तर असतं. बहुतेक लोक, आजूबाजूला आपली माणसं असली की, हळूहळू सावरतात. महिना उलटूनही त्रास तसाच राहिला किंवा वाढत गेला, तर मात्र उपचाराची गरज असते.

भोपाळचा धडा

हे सगळं परदेशातून शिकायची आपल्याला तशी गरज नव्हती. १९८४ मध्ये भिलाई मध्य प्रदेशातच होतं, आणि त्याच राज्याच्या राजधानीत २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर उपचार सुरू झाले. मनाचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी करायला माणसं कुठे होती? राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तेव्हा मनोविकारतज्ज्ञच नव्हते.

१९८५ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी भोपाळला गेले. हजारो माणसं आणि मूठभर तज्ज्ञ, असा हिशेब होता. त्यांनी सरळ मार्ग काढला. वायुग्रस्तांच्या दवाखान्यांत रोज रुग्ण तपासणाऱ्या साध्या डॉक्टरांनाच मनाची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. दम लागतो, अंग दुखतं, झोप नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला केवळ खोकल्याचं औषध देऊन परत पाठवायचं नाही. त्याच्याजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं आणि तुला वेड लागलेलं नाही हे त्याला नीट समजावून सांगायचं. आज हे अगदी साधं वाटतं. पण मनाचा उपचार म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल अशी समजूत असण्याच्या काळात गल्लीतल्या दवाखान्यात तो नेऊन ठेवणं ही मोठी गोष्ट होती.

१९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आलं, तेव्हा निम्हान्सच्या लोकांनी आणखी एक पायरी खाली उतरून गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं. त्यांना शिकवलेल्या गोष्टी सात होत्या. माणसाला बोलू देणं, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं, मन लावून ऐकणं, आपल्या माणसांचा आधार पुन्हा जोडून देणं, मन बाहेरच्या एखाद्या कामात गुंतवणं, विश्रांती नि खेळ, आणि ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा आधार.

पहिली गोष्ट ‘बोलू देणं’ आहे, ‘बोलायला लावणं’ नाही. कार्यकर्ता दारात यायचा, घर शाकारायला हात लावायचा, पुन्हा दोन दिवसांनी यायचा, पुन्हा यायचा. ज्याला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल. पाचवी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. माणसाच्या हाताला काम दिलं, जाळं विणणं असो की मुलांना खेळवणं, की दिवसाचा काही भाग तरी आठवणीच्या तावडीतून सुटतो. आपल्याकडे प्रेमापोटी नेमकं उलटं होतं. अपघातातून वाचलेल्या माणसाला आपण घरातलं एकही काम करू देत नाही, आणि तो दिवसभर छताकडे बघत पडून राहतो.

भिंतीवरचा विश्वास

आधार म्हणजे काय, हे मराठी माणसाला किल्लारीइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नसेल. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर लोकांच्या अंगावर कोसळलं होतं.

त्यानंतर कित्येक महिने माणसं घरात झोपायला धजेनात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर झोपत. भिंत शाबूत असली तरी शरीराचा भिंतीवर विश्वास उरला नव्हता, आणि मधूनमधून जमीन पुन्हा हलायचीच. अशा माणसाला ‘आता काही होणार नाही’ असं शंभरदा सांगून काय उपयोग? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास हाती घेतला. तिचे तेव्हाचे संचालक डॉ. मोहन आगाशे. आपल्याला ते ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस म्हणून जास्त माहीत, पण पेशाने ते मनोविकारतज्ज्ञ.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी पुन्हा माणसांत मिसळणं. आज बरेच थेरपिस्ट थोड्याफार फरकाने याच क्रमाने जातात. पहिला टप्पा ओलांडल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. किल्लारीत पहिल्या टप्प्याचा अर्थ होता पक्कं, न पडणारं घर. भिलाईत त्याचा अर्थ काय?

उपचाराच्या खोलीत

समजा, सेक्टर ६ मध्ये राहणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत. स्फोट झाला तेव्हा ते जवळच होते. हात भाजला, पण वाचले. त्यांच्या शेजारी उभा असलेला सहकारी वाचला नाही. हे गृहस्थ काल्पनिक आहेत, उपचाराची पद्धत मात्र खरी.

पहिल्या दोन-तीन भेटींत थेरपिस्ट स्फोटाबद्दल फारसं विचारतच नाही. झोप किती लागते? जेवण होतं का? संध्याकाळी किती घेता? (दारू हा भिलाईतल्या बऱ्याच घरांत झोपेचा परस्पर ठरवलेला उपाय असतो. चार तास डोळा लागतो आणि पहाटे भीती दुप्पट होऊन परत येते.) मग तो शरीराला शांत करण्याचे साधे उपाय शिकवतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. मन त्या जागी ओढलं जाऊ लागलं की पायाखालची फरशी जाणवून घ्यायची, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. आपल्या मनात काय चाललंय ते समजावून सांगणं हाही उपचारच असतो. धोक्याची घंटा बिघडली आहे, ती खऱ्या आगीला वाजते तशी कुकरच्या शिट्टीलाही वाजते, एवढं कळलं तरी ‘मला वेड लागतंय’ ही दुसरी भीती जाते.

त्यानंतर शिडी तयार होते. ज्या-ज्या गोष्टी ते टाळतात त्यांची यादी करायची आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर भीतीचे गुण द्यायचे. बायको गॅस पेटवत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहणं, वीस. स्वतः गॅस पेटवणं, पस्तीस. स्कूटरवरून बोरिया गेटच्या रस्त्याने जाणं, पन्नास. जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहा, साठ. हेल्मेट आणि सेफ्टी बूट घालून घरातच बसणं, सत्तर. सगळ्यांत वर आपला विभाग. खालच्या पायरीपासून सुरुवात करायची आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. अर्ध्यातून पळालं तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. थांबलं तर शिकतं की भीती आली, वर चढली आणि उतरली.

आणि मग, बैठक जमल्यावर, आठवण. डोळे मिटून, आत्ता घडतंय अशा शब्दांत, त्या सकाळची हकीकत सांगायची. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे सांगणं रेकॉर्ड करून घरी ऐकायलाही देतात. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत साधारण आठ ते पंधरा भेटी लागतात. आधी ज्या बैठकीची गोष्ट सांगितली तिच्यात आणि हिच्यात फरक एवढाच, पण तोच मोठा: इथे माणूस स्वतः तयार झालेला असतो, वेग त्याच्या हातात असतो आणि परत येण्याचा रस्ता त्याला पाठ असतो. विस्कटलेले, जळके तुकडे हळूहळू एका गोष्टीत बसतात. गोष्टीला सुरुवात असते आणि शेवटही असतो. ती घडून गेलेली असते.

याच वेळी सगळ्यांत खोल रुतलेला काटा वर येतो, आणि बरेचदा तो भीतीचा नसतो, अपराधीपणाचा असतो. ‘त्या दिवशी मी ड्युटी बदलून घेतली नसती तर तो तिथे नसता.’ घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘तुझी काही चूक नाही रे.’ ते त्याला ऐकूच जात नाही. थेरपिस्ट वेगळं करतो. तो विचारतो, ड्युटी बदलली तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं? पाइपलाइनचं काम कुणी ठरवलं? तुमच्या जागी तो असता आणि तुम्ही गेला असता, तर तुम्ही त्याला दोषी धरलं असतं का? उत्तरं माणसाने स्वतः शोधायची असतात, तेव्हाच ती टिकतात.

डोळे डावीकडून उजवीकडे फिरवत आठवणीवर काम करण्याची ईएमडीआर नावाचीही एक पद्धत आहे. फ्रान्सिन शापिरो यांना तिची कल्पना १९८७ मध्ये सुचली. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दोन्ही प्रकारच्या उपचारांची शिफारस केली. त्याच वेळी, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात केवळ त्रास कमी व्हावा म्हणून झोपेच्या, गुंगीच्या ठरावीक गोळ्या देऊ नयेत, असंही सांगितलं. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी तर नकोच.

एक गोष्ट मात्र भिलाईची खास आहे. उंचीची भीती घालवताना थेरपिस्ट म्हणू शकतो की गॅलरी पडणार नाही. पोलाद कारखान्यात काम करणाऱ्याला तो तसं म्हणू शकत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तिथली थोडी भीती ही अक्कलच आहे. म्हणून चांगला थेरपिस्ट खोटी हमी देत नाही. घरचा गॅस पेटवताना वाटते ती बिघडलेली घंटा. कामाच्या जागी गॅस तपासणारं यंत्र चालू आहे का हे दोनदा बघणं ही खबरदारी. दोन्ही वेगळ्या ओळखता येणं म्हणजेच बरं होणं. आणि यंत्र बंद असेल तर तो मनाचा प्रश्न नाही, कारखान्याचा आहे. तिथे समुपदेशन हा उपाय नव्हे.

चौदाव्या दिवसानंतर

ज्या घरातला माणूस गेला, तिथे गोष्ट आणखी गुंतागुंतीची असते. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. कुणी नागपूरहून येतं, कुणी रायपूरहून, शेजारी डबे पाठवतात. या रीतींचा मोठा आधार असतो. निम्हान्सच्या त्या सात गोष्टींत श्रद्धेला जागा आहे ती उगाच नाही. पण चौदाव्या दिवशी घर एकदम रिकामं होतं, आणि खरी गरज तिथून सुरू होते. मदत करायची असेल तर तिसऱ्या महिन्यात करा. भाजी आणून द्या, मुलांना मैत्री बागेत घेऊन जा, बँकेच्या कागदांना सोबत चला.

मुलांशी खोटं बोलू नये. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलेल्या मुलाला शाळेत खरं कळतं, आणि मग त्याचा घरच्यांवरचाही विश्वास जातो. वयाला झेपेल एवढ्या साध्या शब्दांत सांगावं. पुन्हा पुन्हा विचारलं तर तितक्याच वेळा उत्तर द्यावं. मूल खेळात आग लावतं आणि विझवतं, चित्रात धूर काढतं, अंथरूण ओलं करतं, आईला सोडून शाळेत जात नाही. ते मुलाचं बोलणंच असतं. ओरडू नये. शाळा मात्र शक्य तितक्या लवकर सुरू करावी, कारण मुलाला आधार वाटतो तो ठरलेल्या वेळांचा.

अनुकंपा नियुक्ती हा असाच एक नाजूक विषय. घर चालायला हवं, म्हणून ज्या गेटातून बाप ड्युटीवर गेला त्याच गेटातून मुलगा किंवा त्याची आई आत जाते. नोकरी मिळाली, नशीब चांगलं, असं सगळे म्हणतात. त्या पहिल्या दिवसाची कुणी तयारी करून घेत नाही. जी शिडी वर सांगितली, ती इथेही लागते. शक्य असेल तर रुजू होण्याआधी एकदा गेटपर्यंत जाऊन परत यावं, विभागातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने पहिला आठवडा सोबत करावी, आणि ज्या भागात अपघात झाला तो टाळून दुसरीकडे काम मिळेल का, हे विचारायला संकोच करू नये.

महिन्याहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कामावर जाणं अशक्य झालं असेल, दारू वाढत असेल किंवा ‘मी का वाचलो’ हे वाक्य वारंवार येत असेल, तर थांबू नका. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, अनेक भारतीय भाषांत. प्रत्यक्ष भेटीसाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जा, आणि त्यांना बिनधास्त विचारा: आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का? साधारण किती भेटी लागतील? मध्येच मला थांबावंसं वाटलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायला हवं. पहिल्या भेटीत तर अपघाताचा एक शब्दही सांगायची गरज नसते. ‘झोप येत नाही’ एवढं सांगितलं तरी पुरतं.